ही मुलगी आमच्या शाळेची नाही

सान फेर्मिन
२२ सप्टेंबर

मानांग,

आधी ‘प्रिय’ लिहायला हात वळत नाहीये, म्हणून नुसतीच हाक.

कागदावर लिहितेय कारण दुसरा मार्ग तू ठेवलेला नाहीस. फोन केला की तुझी सेक्रेटरी उचलते आणि मला, तुझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला, विचारते, “कोणत्या शाळेतून बोलताय?” मेसेज केला की तुझ्याकडून अंगठ्याचं चित्र येतं. गेल्या आठवड्यात मी लिहिलं, ‘आमच्या शाळेत फार वाईट प्रकार झालाय, बोलायचंय.’ त्यालाही अंगठा! म्हटलं, कागदाला अंगठा दाखवून बघ आता.

आधी अभिनंदन. तुझ्या पाणाय वाचनशिक्षक मंडळाचा ‘वाचती शाळा’ फलक आमच्या फाटकावर झळकतोय. पिवळ्यावर हिरवी अक्षरं, खाली अध्यक्ष म्हणून तुझी सही, ही एवढी मोठी. ‘या शाळेतले प्रत्येक मूल वाचते.’ आमचे मुख्याध्यापक फामातिद सर रोज सकाळी त्याच्याखाली उभे राहून मुलांची नखं तपासतात. मी रोज त्याच्याखालून आत जाते आणि रोज माझं डोकं उठतं.

कारण ते खोटं आहे, मानांग.

फलकासाठी मंडळाची पाहणी झाली, तिच्या आदल्या दिवशी फामातिद सरांनी मला बोलावलं. “बेनिता मॅडम, उद्या इलोइलोला ट्रेनिंग आहे. शाळेतून तुमचंच नाव पाठवलंय.” मी मूर्खासारखी खूश झाले. ट्रेनिंग कसलं, तर वर्गातला वाचनकोपरा कागदी फुलांनी कसा सजवावा याचं! मी तिकडे फुलं कातरत बसले होते, तेव्हा इकडे माझी मुलं पालिकेच्या डंपरमध्ये भरली जात होती. ‘माझी’ म्हणजे शाळा सुटल्यावर जुन्या शिवणखोलीत माझ्याकडे येणारी. सातवी-आठवी गाठलेली, ओठावर मिसरूड फुटलेली, आणि तरीही दोन अक्षरं जोडताना घाम फुटणारी. त्यांना खेळाच्या मास्तरांबरोबर किनाऱ्यावर खारफुटीची रोपं लावायला पाठवलं. पर्यावरणासाठी म्हणे.

त्यांच्यात जोनाफे होती. जोनाफे नोब्लेझा, आठवीतली. पंधरा वर्षांची, वर्गात सगळ्यांत उंच, बाकाखाली गुडघे मावत नाहीत. बाप पंपबोटीवर, आई मेर्लिंदा मासे सुकवते. बापाची बोट जिथे लागेल तिथली शाळा, असं तिचं लहानपण गेलं. एका गावात घरच्या बोलीत अक्षरं गिरवली, दुसऱ्या गावात फिलिपिनोत, तिसरीकडे थेट इंग्रजीत. पक्कं काहीच झालं नाही. पण पोरगी हुशार. शेजारणीचं वाचन एकदा ऐकायचं आणि आपली पाळी आली की घडाघडा म्हणून दाखवायचं. इतकी वर्षं अशीच निभावली तिने, एकाही शिक्षकाला पत्ता नाही.

जूनमध्ये ती स्वतःहून आली. दारातच म्हणाली, “मॅडम, एक सांगते. बाळांचं पुस्तक दिलंत तर मी चालले.” मी तिला बापाच्या बोटीच्या इंजिनाची माहितीपुस्तिका दिली. ‘तेल’, ‘झडप’, ‘धूर जास्त येत असल्यास’. मानांग, ती त्या पुस्तिकेवर तुटून पडली. सप्टेंबर उजाडला तोवर न पाहिलेलं पानही वाचू लागली होती. हळू, ओळीखाली बोट ठेवून, पण स्वतः. ‘मंडळाचे लोक येणार आहेत आणि मी त्यांना वाचून दाखवणार आहे,’ हे तिने वस्तीत सगळ्यांना सांगितलं होतं.

किनाऱ्यावर गेल्यावर तिने आजूबाजूला पाहिलं. सगळी शिवणखोलीतलीच मुलं. काय समजायचं ते ती समजली. हातातलं रोप तिथेच ठेवलं आणि चालत शाळेत आली. गुडघ्यापर्यंत चिखल. ग्रंथालयात पाहणी चालू होती. दारात उभी राहून म्हणाली, “मी वाचायला आलेय.”

फामातिद सर काय म्हणाले, ऐक. “ही मुलगी आमच्या शाळेची नाही. किनाऱ्यावरच्या वस्तीतली आहे, जेवणाच्या वेळी येते.”

अंगावर शाळेचा गणवेश होता, मानांग! चिखलाखाली का असेना, शाळेचं बोधचिन्ह छातीवर होतं! आणि तुझ्या मंडळाच्या त्या डॉक्टर सालार्दाबाईंनी काय करावं? पर्स उघडली, बिस्किटांचा पुडा काढला आणि म्हणाल्या, “घे गं बाळ.”

हे मला ग्रंथपाल निम्फाने सांगितलं. ती तिथेच उभी होती. तेव्हा तोंड उघडलं नाही, नंतर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिच्या रडण्याचं मी काय करू?

जोनाफे त्या दिवसापासून शाळेत आलेली नाही.

तू अध्यक्ष आहेस. तो फलक काढून घे. आणि एकदा इथे ये. जीपनीने दीड तासाचा रस्ता आहे, तुझ्याकडे तर गाडी आहे.

नानायचे गुडघे दुखतात, बाकी आपली आई बरी आहे.

बेनिता

*

सान फेर्मिन
६ ऑक्टोबर

मानांग,

तुझं उत्तर मिळालं. मंडळाच्या जाड कागदावर, छापील. ‘आपल्या मौलिक अभिप्रायाबद्दल मंडळ आभारी आहे.’ त्याखाली तुझ्या हाताने लिहिलेल्या दोन ओळी, लहानपणीच्या हाकेने सुरू होणाऱ्या. ‘इन्दाय, फामातिद कामाचा माणूस आहे, लहान गोष्टी लहानच राहू देत. नोव्हेंबरच्या अधिवेशनात आदर्श वाचनशिक्षकांत तुझं नाव घातलंय, निळा पोशाख घालून ये.’

निळा पोशाख!

तुला आठवतं का गं, हे मंडळ कुठे सुरू झालं? आपल्या ओसरीवर. नानाय सगळ्यांना चॉकलेट घोटून द्यायची आणि तुम्ही शिक्षक मंडळी जमिनीवर बसून भांडायचात. तेव्हा हायस्कुलातले शिक्षक म्हणायचे, वाचायला शिकवणं प्राथमिकवाल्यांचं काम, आम्ही धडे शिकवणार. जिल्ह्याच्या सभेत तू उभी राहिली होतीस. अंगाने काडी, आवाज मात्र घंटेसारखा. म्हणाली होतीस, “सातवीत आलेलं मूल वाचत नसेल, तर ते कुणाचं राहिलं हे शोधत बसू नका. आज ते तुमच्यासमोर बसलंय, म्हणजे ते तुमचं आहे.” मी मागच्या रांगेत होते, नुकती नोकरीला लागलेली. तुझ्या त्या वाक्यावर मी आजवर नोकरी केली. मोठ्या मुलाला लाज न आणता कसं शिकवायचं, चुकलं तर कुठे थांबवायचं आणि कुठे पुढे जाऊ द्यायचं, हे मला कुठल्याही कॉलेजाने शिकवलं नाही. तुझ्या मंडळाने शिकवलं. शनिवारी-शनिवारी, फुकट, एकमेकांच्या वर्गात बसून.

आता मंडळ काय देतं? गळ्यात अडकवायच्या पट्ट्या, कापडी पिशव्या आणि फलक.

मी जोनाफेच्या घरी गेले होते. ती बांबूच्या माचणीवर मासे उलथत होती. माझ्याकडे पाठच केली.

मेर्लिंदा म्हणाली, “बसा मॅडम. पण समजावायला आला असाल तर राहू द्या. सर म्हणाले ना, तुमची नाही म्हणून? मग माझीच आहे. माझी आहे तर माझ्याजवळ राहू दे.”

“सर म्हणाले म्हणून ती शाळेची नाही असं होत नाही,” मी म्हटलं.

“मग तुम्ही कुठे होतात?”

“मला इलोइलोला पाठवलं होतं.”

“म्हणजे तुम्हालाही डंपरमध्येच घातलं की!” ती म्हणाली आणि हसली. मलाही हसू आलं, आणि मग रडू.

निघताना जोनाफे बोलली, पाठ तशीच ठेवून. “मॅडम, मी वाचायचं नाही सोडणार. शाळा सोडली. यायचं झालं तर एकाच अटीवर. ज्या तोंडाने सर म्हणाले ना, ही आमची नाही, त्याच तोंडाने म्हणू देत, आमची आहे. सगळ्यांसमोर. ऑफिसात बोलावून नाही.”

मेर्लिंदाची एक चुलतबहीण बाकोलोदला आहे. नाताळात येऊन पोरीला घरकामाला घेऊन जाणार म्हणते. म्हणजे माझ्या हातात तेवढाच वेळ.

तिथून मी थेट फामातिद सरांकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, कॉफी मागवली. मी कॉफीला हात लावला नाही.

“मॅडम, तुम्ही फार मनाला लावून घेताय,” ते म्हणाले. “एका मुलीसाठी सगळ्या शाळेचं नाव घालवायचं का?”

“एका मुलीला नाकारून शाळेने नाव कमावलंय, सर.”

मग ते चिडले. “हे मला शिकवू नका! जा, तुमच्या बहिणीला विचारा. पाहणीआधी मंडळातूनच फोन आला होता. कच्ची मुलं त्या दिवशी समोर नकोत, आकडा बिघडतो. मलाच नाही, सगळ्या शाळांना.”

“मंडळातून कुणाचा फोन?”

“अध्यक्षबाईंचा. स्वतः.”

मी त्यांना सांगून आले की तुम्ही खोटं बोलताय. माझी बहीण असं बोलणारच नाही. सगळ्या शिक्षकखोलीला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगितलं.

मानांग, मला एक ओळ लिही. ‘फामातिद खोटं बोलतोय.’ एवढीच.

बेनिता

*

सान फेर्मिन
२४ ऑक्टोबर

मानांग,

ओळ आली नाही. फोन आला. इतक्या महिन्यांनी तुझा आवाज ऐकला, आणि तू पहिल्यांदा विचारलंस काय, तर “तू हे आणखी कुणाला बोललीस?”

मी वाट पाहत होते, की आता म्हणशील, इन्दाय, मी असं म्हटलं नाही. तसं तू म्हणालीच नाहीस. तू म्हणालीस, “तुला बाहेरचं जग कळत नाही. आकडे चांगले दिसले तर शिक्षणखातं आम्हाला पुढच्या वर्षीचं प्रशिक्षण देतं. प्रशिक्षण मिळालं तर शिक्षक तयार होतील. शिक्षक तयार झाले तर तुझ्या जोनाफेचंच भलं होईल.” किती सरळ जिना आहे, नाही? फक्त पहिल्या पायरीवर जोनाफेलाच ढकलून द्यायचं.

खोट्या आकड्यांवर कोण कुणाला मदत करणार आहे, हे तरी सांग. ‘इथे सगळी मुलं वाचतात’ असं तू सही करून दिलंस. मग उद्या मी माझ्या शिवणखोलीसाठी दिवा मागितला, तर खातं म्हणेल, कशाला? तुमच्याकडे तर सगळी वाचतात! जी मुलं आहेत तीच तू नाहीत केलीस. पुसूनच टाकलीस त्यांना. आणि ही लबाडी कुणी केली, तर ज्या मंडळाचं त्या मुलांवाचून दुसरं काही कामच नाही, त्याने. माशांच्या दलालाने केली असती तर मी समजू शकले असते.

आणि फोनच्या शेवटी ती सूचना! “असं करू, मुलीला अधिवेशनात आण. स्टेजवर एक पान वाचू दे. छोटीशी फिल्म करू, पुष्पगुच्छ देऊ. तिलाही बरं वाटेल, विषयही संपेल.”

मी फोन ठेवला नाही, आपटला. पण निर्णय तिचा आहे म्हणून शनिवारी जाऊन तिला सांगितलं. तुझे शब्द होते तसेच सांगितले, माझं काही मिसळलं नाही. जोनाफेने मासा हातातच धरून ठेवला.

“आधी दारातून हाकललं आणि आता स्टेजवर? मी काय फिएस्ताच्या जत्रेतलं भाजलेलं डुक्कर आहे मॅडम, गावभर मिरवायला?”

“तोंडात सफरचंदही देतील तुला,” मेर्लिंदा म्हणाली.

“नको. बिस्किटं दिली तेवढी बास झाली.”

दोघी मायलेकी खोखो हसत होत्या. मला मात्र तुझी लाज वाटली. आजवर तुझा राग आला असेल, हेवा वाटला असेल. लाज पहिल्यांदा वाटली.

बाकी, आम्ही आता शनिवारी माचणीखाली सावलीत बसतो. जोनाफे असते, डंपरमधली बाकीची मुलंही येतात. मासे उलथता उलथता वाचतात. पानांना वास लागतो, त्याला इलाज नाही. एकाने बास्केटबॉलच्या सामन्यांचं मासिक आणलंय, त्याची झोंबाझोंबी असते. शाळेतलं काही विचारू नकोस. फामातिद सरांनी शिवणखोलीला कुलूप लावलंय. ‘वाचती शाळा’ आहे ना, जादा वर्गाची गरज काय?

नानायला मी काही सांगणार नव्हते. पण फोन आपटलेला तिने ऐकला होता. सगळं काढून घेतलं. मग जपमाळ हातात घेतली, ओढली मात्र नाही. म्हणाली, “सोकोरोला म्हणावं, आधी घरी ये. मग काय मोठी व्हायचं ते हो.”

अधिवेशनाला मी येतेय. आदर्श म्हणून नाही, सभासद म्हणून. त्या पुरस्काराच्या नावांतून माझं नाव काढून टाक.

बेनिता

*

सान फेर्मिन
१८ नोव्हेंबर

मानांग,

तू मंचावर होतीस, मी खाली. तिथून तुला काय दिसलं ते मला माहीत नाही. मला काय दिसलं ते लिहिते.

निळा पोशाख घातला नव्हता. शाळेत जाते त्याच कपड्यांत आले. दारात एका मुलीने पिशवी दिली, गळ्यात पट्टी घातली. सभागृह भरलेलं, थंडगार, फुलंच फुलं. पडद्यावर फिल्म चालू होती. हसरी मुलं, हातात पुस्तकं, खाली आकडे वर चढणारे. टाळ्या. मीही सगळ्यांबरोबर उभी राहिले, कारण बसून राहिले असते तर पुढचं काही दिसलं नसतं.

सर्वसाधारण सभेत शेवटी तू म्हणालीस, “आणखी काही विषय?” आणि उत्तराची वाट न पाहता कागद गोळा करायला लागलीस. मी मधल्या माईकपाशी जाऊन उभी होते. तू मला पाहिलंस. इतक्या लांबूनही तुझा चेहरा उतरलेला मला दिसला.

मी मुलीचं नाव घेतलं नाही. गावाचंही नाही. एवढंच विचारलं, “पाहणीच्या दिवशी न वाचणाऱ्या मुलांना शाळेबाहेर ठेवा, असं मंडळाने शाळांना कळवलं होतं का? मला हो किंवा नाही असं उत्तर हवंय.”

तू हसलीस. “बेनिता मॅडम, जेवण थंड होतंय, आपण नंतर बोलू.”

मी पुन्हा विचारलं, तेव्हा माईक बंद झाला. कुणी केला ते मी विचारणार नाही. मी तसंच बोलत राहिले. मागून एकजण म्हणाला, “बसा हो बाई, भूक लागलीय.” काहीजण उठून मागच्या टेबलांवरून ताटं भरून घेऊ लागले. आता गप्प बसावं असं मला वाटलं होतं.

तेवढ्यात डावीकडून एक म्हातारे गृहस्थ उठले. अंतिकेचे दुल्लानो सर. निवृत्तीला आलेले, हातात काठी. ते माईककडे गेलेच नाहीत. जागेवरूनच म्हणाले, “आमच्या शाळेत त्या मुलांना चर्चची फरशी धुवायला पाठवलं होतं. मीच घेऊन गेलो. परत येताना एकाने मला विचारलं, सर, आम्ही घाण आहोत का? मला उत्तर देता आलं नाही. अध्यक्षबाई, तुम्ही द्या.”

ताटं घेऊन निघालेले वळून बघू लागले.

मग कापिझची एक तरुण शिक्षिका उठली. “आम्ही त्यांना सुट्टी दिली.” मागून कुणी म्हणालं, “आम्ही गैरहजर मांडलं.” “आमच्याकडे सायकली पुसायला लावल्या.” सगळे उठले असं मी म्हणणार नाही. पुष्कळजण ताटात मान घालून होते, आणि डॉक्टर सालार्दाबाई पर्समध्ये काहीतरी शोधत राहिल्या. पण जे उठले ते बसले नाहीत. दुल्लानो सर म्हणाले, याची इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय मी जागचा हलणार नाही. आणि काठी आडवी धरून उभेच राहिले.

तू म्हणालीस, “मंडळ याची नोंद घेत आहे. सर्व शाळांची पुन्हा पाहणी होईल, सर्व मुलांसह.” आवाज घंटेसारखा नव्हता. पण म्हणालीस.

नंतर बाहेर, खांबाआड, तू माझं कोपर धरलंस. “सगळ्या पाणाय बेटासमोर मला उघडं पाडलंस. घरातलं घरात ठेवता आलं नसतं?”

मी म्हटलं, “पत्रं कुणाला लिहिली होती मी? वर्तमानपत्राला?”

तू रडलीस. तुझे केस मागे करावेत असं वाटलं, हे मी लपवणार नाही. केले नाहीत. कारण तू रडत रडत म्हणालीस, “मी या मंडळासाठी काय काय केलंय ते तुला माहीत नाही.” मला माहीत आहे, मानांग. मी तेव्हा चॉकलेटचे पेले धुतलेत. म्हणूनच तर माईकपाशी आले. मला मंडळाची पर्वा नसती, तर मी घरी बसून तुला नुसत्या शिव्या दिल्या असत्या.

तुझ्या ‘सर्व शाळांची पुन्हा पाहणी’ या शब्दांवर माझा अजून विश्वास नाही. कागद येऊ दे, मग ठेवीन.

बेनिता

*

सान फेर्मिन
५ डिसेंबर

मानांग,

कागद आला. फामातिद सरांचा चेहरा पाहूनच कळलं. ‘पटावरील प्रत्येक मूल हजर असेल तरच पाहणी होईल. पटावरील कोणत्याही मुलाला पूर्वी नाकारले गेले असल्यास शाळेने त्याचे निराकरण करावे.’ खाली तुझी सही. हे दुसरं वाक्य मंडळाच्या भाषेतलं नाही. ते तू घातलंस, हे मी ओळखलं.

सरांनी मला बोलावलं. या वेळी कॉफी नव्हती. “मुलीला ऑफिसात आणा. मी समजावतो.”

“ऑफिसात नाही, सर. तिची अट तुम्हाला माहीत आहे.”

“सगळ्या शाळेसमोर? मॅडम, उद्या मला कोण मान देईल?”

मी म्हटलं, “ती देईल. तिने दिला तर.”

सोमवारी सकाळी झेंड्याला सगळी शाळा रांगेत उभी होती. जोनाफे फाटकाबाहेर. गणवेश धुतलेला, कडक इस्त्रीचा, फक्त स्कर्टच्या काठाला त्या दिवसाचा पुसट डाग. आत पाऊल टाकेना. तिच्यामागे मेर्लिंदा, आणि मेर्लिंदाच्या मागे वस्तीतल्या बाया. मी कुणाला बोलावलं नव्हतं. टोपल्या खाली ठेवून उभ्या होत्या, हातांना मिठाचे पांढरे पापुद्रे.

राष्ट्रगीत झालं. सर नाताळच्या कंदिलांच्या स्पर्धेबद्दल बोलले. मग वर्ग झाडण्याबद्दल बोलले. मग खाकरले. “मागे एका विद्यार्थिनीबाबत थोडा गैरसमज झाला होता...”

जोनाफे हलली नाही.

“...तो आता दूर झालेला आहे.”

फाटकाबाहेरून मेर्लिंदा म्हणाली, ओरडून नाही, बाजारात भाव सांगतात तशी, “सर, गैरसमज आमचा नव्हता झाला.”

सगळी शाळा सरांकडे बघत होती. सरांनी घाम पुसला. मला वाटलं, हा माणूस आता आत निघून जाणार. पण गेले नाहीत, तेवढं त्यांच्या पदरात घालायला हवं. माईक तोंडाजवळ घेतला आणि खाली बघून म्हणाले, “जोनाफे नोब्लेझा ही आपल्या शाळेची विद्यार्थिनी आहे. पाहुण्यांसमोर मी म्हणालो की ती आपली नाही. ते मी खोटं बोललो.”

मग ती आत आली. सगळं मैदान ओलांडून, घाई न करता. सरांसमोरून जाताना ‘गुड मॉर्निंग, सर’ म्हणाली, आणि आठवीच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. उंच आहे ना, तिची जागा शेवटीच. मेर्लिंदाने टोपली डोक्यावर घेतली. बाकोलोदच्या बहिणीला आता काय सांगायचं, तेवढं बोलत बायका वस्तीकडे गेल्या.

पाहणी गेल्या गुरुवारी झाली. तुझे दोन नवे लोक आले होते, डॉक्टर सालार्दा नव्हत्या. प्रत्येक मुलाने वाचलं. जोनाफेनेही. तीन ठिकाणी अडकली, एक शब्द तिला आलाच नाही, तो तिने गाळला नाही, ‘हा मला येत नाही’ असं सांगून पुढे गेली. परीक्षकांनी तिच्या नावापुढे लिहिलं, ‘वाचते, पण अजून मदत हवी.’ डंपरमधल्या बाकीच्यांपुढे त्याहून कमी लिहिलं. सगळं खरं लिहिलं. त्यामुळे अर्थातच आमची शाळा ‘वाचती’ राहिली नाही. खेळाच्या मास्तरांनी शिडी लावून फलक उतरवला. फाटकाच्या कमानीवर त्या जागी चौकोनी स्वच्छ पट्टा राहिलाय. शिवणखोलीचं कुलूप निघालंय आणि खात्याकडे जादा शिक्षक मागणारा अर्ज गेलाय. खरे आकडे असलेला, आमच्या शाळेचा पहिलाच.

जोनाफेने विचारलं, “माझ्यामुळे गेला का फलक?”

मी म्हटलं, “तुझ्यामुळे आणि आणखी पुष्कळांमुळे.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “रोज त्याच्याखालून जायला मला लाज वाटली असती.”

माझा राग गेला असं समजू नकोस. कागदावर सही केलीस ती मनापासून, की दुल्लानो सरांच्या काठीला भिऊन, मला कळायला मार्ग नाही. त्या मुलांना बाहेर ठेवा असं फोनवर सांगताना तुझी जीभ कशी रेटली, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, आणि ऐकल्यावर मी काय बोलेन याची मला खात्री नाही. पुष्कळजण म्हणाले, बेनिता, अशा मंडळात राहतेस कशाला, राजीनामा दे. मी देणार नाही. मंडळ तुझ्या एकटीचं नाही, माझंही आहे. दर वर्षी येईन आणि दर वर्षी विचारीन.

दुल्लानो सर आता शनिवारी डोंगर ओलांडून येतात, कापिझची ती तरुण शिक्षिका महिन्यातून एकदा दोन बस बदलून येते. माचणीखाली बसून आम्ही एकमेकांचं शिकवणं बघतो, भांडतो. नानाय रिक्षाने येते आणि कुणालाही न विचारता सगळ्यांना चॉकलेट देते. मुलं वाढलीत. शेजारच्या वस्तीतली येतात, एक तर दहावीतला आहे, येताना तोंड टॉवेलात लपवून येतो. शिकवणारी माणसं पुरत नाहीत.

अध्यक्ष म्हणून येऊ नकोस. फुलं, फोटो, काही नको. शनिवारी सकाळी ये, जुने कपडे घालून, मासळीचा वास लागतो. त्या टॉवेलवाल्या मुलासमोर बसायला माझ्याकडे अजून कुणी नाही.

बेनिता